रानातला साज

त्या फाल्गुनात चांदीचा भाव असा भडकला की हुपरीतल्या गल्ल्या गप पडल्या. एरवी सकाळचा चहा व्हायच्या आधी ठोकाठोकी सुरू व्हायची. एका घरातनं पत्रा पिटल्याचा आवाज, दुसऱ्यातनं घुंगरं घासायच्या पिंपाचा खडखडाट, तिसऱ्यातनं गॅसच्या बत्तीची फुरफुर. आता कुणाच्या घरामागच्या परड्यात कोंबडी ओरडली तर ती चौकापर्यंत ऐकू यायची. पेढीवाल्यांनी पैंजणांच्या ऑर्डरी थांबवल्या होत्या. तरणे कारागीर कागलच्या कारखान्यांत हजेरीवर जायला लागले होते, आणि ज्यांचं वय उलटलं होतं ते पारावर बसून मोबाईलवर भाव बघत शिव्या घालत होते. कुणाला घालत होते ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

केरबाच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडात मात्र एक हातोडी चालू होती. ती निशिगंधाची.

केरबा तिचा सासरा. उभा जन्म त्यानं ठसे कोरण्यात घालवलेला. पोलादाच्या ठोकळ्यात उलटी नक्षी कोरायची, त्यावर चांदीचा पातळ पत्रा आणि पत्र्यावर शिशाचा तुकडा ठेवून वरनं ठोकायचं, की पत्र्यावर सुलटं फूल उठून येतं. गावातल्या कितीतरी पैंजणांची पानंफुलं त्याच्या हातची होती. पण थोरला मुलगा जोतीराम, निशिगंधाचा नवरा, उसाच्या ट्रॉलीला धडकून गेला, आणि तेव्हापासून केरबाचे हात कापायला लागले. छिन्नी टेकवली की टोक नाचायचं.

निशिगंधा तोवर गावातल्या बाकीच्या बायांसारखी कड्या जोडायची, घुंगरं ओवायची. जोतीरामाचं वर्षश्राद्ध झालं आणि भाऊ तिला न्यायला आला. पिशवी उचलून ती उंबऱ्यापर्यंत गेली, मागं फिरली आणि म्हणाली, "हितं माझ्या हाताला काम हाय, दादा. तुमच्यात नुसतं जेवण हाय." भाऊ रागानं निघून गेला. त्याच आठवड्यात तिनं सासऱ्यासमोर बसून पहिल्यांदा छिन्नी धरली.

"बाईमाणूस ठसं कोरत न्हाई," धाकटा दीर विजयसिंह म्हणाला.

"मग तू कोर," केरबा म्हणाला.

विजयसिंहाला कोरता येत नव्हतं. तो पेढ्यांवर माल पोचवायचा, चांदी आणायचा, फोनवर गोड बोलायचा. विषय तिथंच मिटला.

केरबानं तिला जुनी नक्षी शिकवली. कोयरी, वेल, मोर. ती शिकली. पण म्हशीला वैरण आणायला ओढ्याकडच्या तुकड्यात गेली की तिची नजर भलतीकडंच अडकायची. रुईची कळी पाची पाकळ्या आवळून बसलेली असायची, जणू कुणी आधीच घडवून ठेवलेली. बाभळीची शेंग दाण्यादाण्याला कंबर बांधल्यासारखी. बांधावर खेकड्याची वाळकी पाठ पडलेली, तिच्यावर बारीक ठिपके. हे सगळं ती पदरात बांधून आणायची आणि ऐरणीच्या कडेला मांडायची.

"मामा, मोर मी ह्या रानात कदी बघितलाच न्हाई," ती एकदा केरबाला म्हणाली. "जे बघतोय ते कोरू का?"

केरबानं खेकड्याची पाठ उलटसुलट करून बघितली. "कोर की. खेकडा काय केस करतोय व्हय आपल्यावर?"

तिनं रुईच्या कळीची कुडी केली, बाभळीच्या शेंगांचं कडं केलं, खेकड्याच्या पाठीची अंगठी केली. विजयसिंहाची बायको स्वप्नाली बडबडी आणि धीट. तिनं ते सगळं स्वतःच्या अंगावर घालून फोटो काढले आणि फोनवरनं जगाला दाखवले. विजयसिंह हसला. "रानगवत कोण घालतंय अंगावर?" तो म्हणाला. पण पैंजणांचं काम बंद पडल्यावर तोही हसायचा थांबला.

ते फोटो बघूनच ऋतुजा आली. जयसिंगपूरजवळच्या बागायतदाराची मुलगी, शेतकी कॉलेजात शिकलेली, स्कूटरवरनं मैत्रिणीला मागं घेऊन आली होती. वैशाखात तिचं लग्न होतं. हेल्मेट काढायच्या आधीच तिनं विचारलं, "खेकडा कुणी केलाय?"

"मी," निशिगंधा म्हणाली.

"मला साज करून पायजे. सोन्याचा आईनं घेतलाय, दुकानातला. त्यो तिच्या हौसेचा. ह्यो माझा. चांदीचा, आन आमच्या रानातला."

कोल्हापुरी साज म्हणजे लाख भरलेल्या लहान लहान पानांची माळ. पानं ठरलेली असतात. चंद्र, कमळ, मासा, कासव, भुंगा, कारलं. मधोमध मोठं पान आणि त्यात लाल खडा. लग्नात नवरीच्या गळ्यात पडतो, आणि या मुलखात त्याचा मान मंगळसूत्राच्या खालोखाल. त्यातली पानं बदलायची म्हटल्यावर विजयसिंह गडबडला. "साजाची पानं अशी बदलत न्हाईत वो, ताई."

"जुन्या माणसांनी बघितलं तेच केलं की," निशिगंधा म्हणाली. "कारलं काय सर्गातनं आलं? परड्यात हुतं म्हणून साजात आलं."

ऋतुजा खूश झाली. दोघी जमिनीवर बसल्या. ऋतुजा म्हणाली, हरभऱ्याचा घाटा घाला. निशिगंधा म्हणाली, जोंधळ्याचं कणीस, सुगरणीचा खोपा. तुरीची शेंग, शेवग्याचं फूल, रुईची कळी. कारलं तेवढं जुन्यातलं ठेवायचं. आणि मधल्या पानात खेकडा.

"नवरीच्या गळ्यात खेकडा!" स्वप्नाली दारातनं ओरडली. "नवरा टरकून ऱ्हाईल, बरं हाय!"

मग निशिगंधा शेडातनं फारशी बाहेर आलीच नाही. डोक्यावर पत्रा तापलेला, पुढ्यात बत्तीची झळ. गावाभोवती तोडून झालेल्या उसाचं पाचट जळत होतं आणि त्याची काजळी उडत येऊन ऐरणीवर बसायची. फुंकर मारायची आणि परत छिन्नी धरायची. घाटा लवकर उतरला. कणसानं रडवलं, कारण दाणा दाण्यापासून सुटा दिसायला हवा होता. खोप्याचं विणकाम कोरताना डोळ्यांतनं पाणी यायचं. उजवा खांदा इतका भरून आला की स्वप्नालीनं तिची वेणी घालून दिली. खेकड्याची नांगी तर पत्रा ठोकताना दर खेपेला फाटायची.

"वरचं शिसं जाड घे," केरबा खाटेवरनं म्हणाला. "आन एकाच दणक्यात नको काढूस. हळू बशीव."

शेवटी नांगी उठली. निशिगंधानं पानांच्या पाठीत वितळलेली लाख भरली, मागनं चपटा पत्रा बसवून कडा आवळल्या, कड्या जोडल्या, रिठ्याच्या पाण्यात सगळं घासलं आणि काळ्या दोऱ्यात ओवलं. साज तिनं तांबड्या फडक्यावर पसरला. केरबा खाटेवरनं उठून आला. कापता हात पाठीमागं धरून तो वाकून बघत राहिला. जेवणाचं ताट समोर आल्यावर म्हणाला, "खेकडा चालतोय असं वाटतंय."

साज न्यायला ऋतुजा आई आणि मावशीला घेऊन आली. मोटार गल्लीत मावेना म्हणून चौकात लावून तिघी चालत आल्या. स्वप्नालीनं खुर्च्या मांडल्या, सरबत केलं. विजयसिंहानं इस्त्रीचा शर्ट घातला होता. फडकं उघडल्यावर मावशी "आगंबाई" म्हणाली, आणि ऋतुजानं साज उचलून गालाला लावला. आईचाही चेहरा सैल झाला.

"खोपा किती गोड," ती म्हणाली. "खेकड्याचं जरा कसंतरी वाटतंय, पण दिसतोय बाई झ्याक. कारागीर कोण तुमच्यातला? हातावर काय तरी ठेवूया त्यांच्या."

"ह्याच की," ऋतुजानं निशिगंधाकडं बोट केलं.

निशिगंधा ऐरणीजवळ उभी होती. हात काळे, पदर खोचलेला. आईची नजर तिच्या हातांवर गेली, मग गळ्यावर, मग कपाळावर. कपाळ मोकळं. गळा मोकळा. आईनं मावशीकडं बघितलं. मावशीनं ऋतुजाच्या हातातनं साज काढून घेतला आणि फडक्यावर ठेवला, गरम भांडं ठेवावं तसा.

"ह्यांचं मालक?" आईनं विजयसिंहाला विचारलं.

"थोरला भाऊ हुता माझा. वारला."

"आन लगीन हाय आमच्या पोरीचं," आई म्हणाली. ती भांडकुदळ बाई नव्हती. आवाज खालीच होता, त्यामुळं जास्त लागला. "तुमी बी लेकीबाळीची माणसं. सवाष्णीचं लेणं हाय हे. कुणाच्या हातनं व्हावं, कुणाच्या न्हाई, हे तुमाला सांगाय लागावं?"

"आई, मला म्हाईत हुतं की," ऋतुजा म्हणाली.

"तुला म्हाईत हुतं? आन तू गप बसलीस?"

स्वप्नाली पुढं झाली. "काकी, आता गावंच्या गावं ठराव करायलीत की, असलं काय मानायचं न्हाई म्हणून."

"ठराव भिंतीवर असतोय बाई. लगीन मांडवात असतंय."

गिऱ्हाईक हातचं जातंय हे विजयसिंहानं बघितलं. तो पटकन हसला. "न्हाई वो काकी, तुमचा गैरसमज झालाय. वैनीनं नुसतं घासून दिलंय. ठसं मी कोरल्यात. लाख बी मीच भरलीया. पोरगीला काय ठावं, ती आपली बोलून गेली."

आईच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखी दिसली. तिचा हात साजाकडं जायला लागला. निशिगंधाला वाटलं, गप बसावं. साज जाईल, मुलीच्या गळ्यात पडेल, घरात चूल नीट पेटेल. एवढंच तर करायचं होतं, गप बसायचं. तिनं केरबाकडं बघितलं. तो जमिनीकडं बघत होता.

"खोटं हाय ते," निशिगंधा म्हणाली. "ठसं मी कोरल्यात. पत्रा मी ठोकलाय, लाख मी भरली आन ओवलाय बी मीच. भावजीनं ह्यातल्या एका पानाला हात लावल्याला न्हाई. न्यायचा तर माझ्या हातचा म्हणून न्या. न्हाईतर ठेवा तसाच."

आईचा हात मागं गेला. "चल ऋतुजा," ती म्हणाली.

ऋतुजा रडकुंडीला आली होती. ती निशिगंधाकडं बघत "ताई, मी..." एवढं म्हणाली आणि आईच्या मागनं गेली. सरबताचे पेले भरलेलेच राहिले.

त्या तिघी चौकात पोचल्या असतील-नसतील, विजयसिंहानं शर्टाच्या बाह्या वर केल्या. "झालं समाधान?" तो म्हणाला. "एक गिऱ्हाईक आल्तं घरात! सबंध गावात काम न्हाई आन आमच्या वैनीला नाव पायजे. नाव काय भाकरीसंगं खायाचं हाय?"

"तुला पायजे हुतं की," निशिगंधा म्हणाली. "माझं काम आन तुझं नाव."

त्यानं भट्टीवर चांदी वितळवायची मूस ठेवली, बत्ती पेटवली. निळी ज्योत मुशीच्या पोटाला लागली आणि माती तांबूस व्हायला लागली. "आण त्यो साज. लाख जळून जाईल, चांदी तरी हाताला लागंल. भाव चढा हाय तवर मोडून मोकळं व्हायचं. आणतीस का मी घिऊ?"

केरबा खाटेवर उठून बसला. "इजय," एवढंच म्हणाला.

निशिगंधानं फडक्यावरनं साज उचलला. दोऱ्याची दोन्ही टोकं मानेमागं नेली आणि गाठ मारली. जोतीराम गेल्यापासून त्या गळ्यात काही पडलं नव्हतं. चांदी थंड लागली, आणि जड. खेकडा गळ्याच्या खळीखाली येऊन बसला. ती दिरासमोर जाऊन उभी राहिली.

"घे."

"काय घे?"

"साज पायजे न्हवं तुला मोडायला? हाय गळ्यात. काढ आन घाल मुशीत."

विजयसिंहाचा सांडशी धरलेला हात वर उठला आणि अर्ध्यात थांबला. वहिनीच्या गळ्याला हात घालायचा म्हणजे काय, हे त्याला कळत होतं. ती हटत नव्हती. तिच्या छातीचं खालीवर होणं पानापानावर दिसत होतं. मोकळी मूस मागं लालभडक झाली होती. विजयसिंहानं बापाकडं बघितलं, बायकोकडं बघितलं. कुणीच त्याच्या मदतीला आलं नाही.

स्वप्नालीनं पुढं होऊन गॅसची चावी बंद केली. "मोकळी मूस कशाला तापवतासा?" ती म्हणाली. "गॅस फुकट जातोय."

निशिगंधानं साज काढला नाही. दुसऱ्या दिवशी शेण काढताना तो गळ्यात होता, वैरणीचा भारा आणताना होता, बाजारात वांगी निवडताना होता. भाजीवाली बोलता बोलता थांबली. पाणी भरणाऱ्या दोघी एकमेकींना कोपरानं ढोसून हसल्या. वाण्याच्या दुकानात एक बाई मोठ्यानं म्हणाली, "काय बाई, नवं नवं दिसतंय कोण कोण." निशिगंधानं साखर घेतली, पिशवी नीट बांधली आणि तिच्याकडं वळून म्हणाली, "नवंच हाय. बघायचं तर जवळ येऊन बघा की." बाई जवळ आली नाही.

हे बोलणं तिला सोपं जात होतं असं नाही. एकदा न्हाणीत साज उतरवून तिनं मान चोळली, दोऱ्यानं तिथं लालसर वळ उठला होता. आता राहूदे, असं क्षणभर मनात आलं. मग अंग पुसलं आणि परत बांधला.

लाख संपली म्हणून ती कोल्हापूरला गेली. एसटीत कंडक्टर बाई होती. तिकीट फाडताना तिची नजर साजावर गेली. "ह्यो घाटा हाय न्हवं? हरभऱ्याचा?" तिनं वाकून विचारलं. "आन ही तूर! कुठं घेतलासा?"

"केलाय. हुपरीत. मीच."

कंडक्टर बाईनं तिचं मोकळं कपाळ बघितलं. पण कसबा बावड्याचा तिचा पत्ता सांगून म्हणाली, "माझ्यापुरती एक शेंग करून द्या कानातली. आमचं बी रान हुतं, कारखान्याकडंला. आता तितं बिल्डिंग झालीया."

निशिगंधा परत आली तर भावकीतले गुंडूनाना ओसरीवर बसलेले. वयानं वडीलधारे, लग्नात मांडव कुणी घालायचा इथपासून सगळ्यात त्यांचा शब्द. विजयसिंह शेजारी हात बांधून उभा होता. त्यानंच बोलावलं होतं हे तिला कळलं.

"केरबा, सून कुणाच्या नावानं साज घालतीया हे विचारायलीत लोकं मला," नाना म्हणाले. निशिगंधा समोर असून तिच्याशी बोलले नाहीत. "काय ठरलं असंल कुठं तर सांगा बाबा उघड. आमी काय नको म्हणणार न्हाई. पर असं चोरून..."

"चोरून कसं, नाना?" निशिगंधा म्हणाली. "भर बाजारात घातलाय."

"मी केरबाशी बोलतोय."

"साज माझ्या गळ्यात हाय. मामांच्या गळ्यात न्हाई."

नानांचा चेहरा लाल झाला. "मग तूच सांग. कुणाच्या नावानं?"

"माझ्या."

"असं नसतंय, पोरी."

"माझ्या हातानं केलाय, माझ्या नावानं घातलाय. दुसरं कुणाचं नाव लावायचं तर त्यानं आधी येऊन खेकड्याची नांगी उठवून दावावी."

नाना काठी घेऊन उठले. जाताना केरबाला म्हणाले, "तुझ्या घरात तुझं चालत न्हाई, केरबा." आणि हे केरबाला लागलं. तो कारागीर म्हणून मोठा होता, पण चारचौघांत मान खाली घालायची त्याला सवय नव्हती. संध्याकाळी निशिगंधानं चहा ठेवला तर त्यानं कपाला हात लावला नाही. "काढ गं बाई ते," म्हणाला. "बास झालं आता."

"न्हाई, मामा."

"माझ्या जोत्याच्या माघारी तुला लेकीसारखी..."

"ठसं कोराय शिकवलंसा तवा लेक म्हणून शिकवलंसा न्हवं? मग लेकीच्या गळ्यात चांदी बघून डोळं का दुखत्यात?"

केरबानं तोंड फिरवलं. पुढं बरेच दिवस तो तिच्याशी बोलला नाही. जेवण स्वप्नाली वाढायची. शेडात येऊन बसायचा, पण पाठ करून. निशिगंधा कंडक्टर बाईची शेंग करत बसायची आणि छिन्नी अडली तरी विचारायची नाही. उन्हानं पत्रा कडकड वाजायचा. त्या दोघांमध्ये तेवढाच आवाज.

एका सकाळी ती वैरणीला निघाली तेव्हा केरबा दारातच बसला होता. तिच्याकडं न बघता म्हणाला, "खेकड्याची डावी कडी उघडलीया. पडंल कुठंतरी उसात."

निशिगंधानं हातानं चाचपलं. खरंच उघडली होती.

"काढ, बशीवतो," केरबा म्हणाला.

"काढणार न्हाई."

म्हातारा उठला, आत गेला आणि पकड घेऊन आला. "मग वाक."

ती वाकली. साज तिनं दोन्ही हातांनी पुढं ओढून धरला. केरबाचा हात कापत होता. पकडीचं तोंड कडीवर टेकायचं आणि घसरायचं. समोरच्या ओसरीवरची माणसं बघत होती. त्यानं डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट आवळून धरलं, श्वास रोखला आणि दाबलं. कडी मिटली.

"जा आता," तो म्हणाला. "म्हस वरडायलीया."

त्या दिवशी त्यानं तिच्या हातचा चहा घेतला.

लग्न तोंडावर आलं होतं तेव्हाची गोष्ट. ऊन कलायला लागलं होतं. चौकातनं एक रिक्षा आत आली आणि थेट केरबाच्या दाराला लागली. आतनं एक म्हातारी उतरली. उंच, काटकुळी, पांढऱ्या केसांचा बारीक आंबाडा, अंगावर फिकं लुगडं. हातात काठी होती पण ती टेकत नव्हती, काखेत धरली होती.

"साजवाली हितंच ऱ्हाती न्हवं?" तिनं गल्लीला ऐकू जाईल असं विचारलं.

विजयसिंह पुढं झाला. "कोण पावणं म्हणायचं?"

"मी ऋतुजाची आज्जी. अंबूबाई. बापाची आई." तिनं त्याला बाजूला सारलं आणि शेडात येऊन निशिगंधासमोर उभी राहिली. गळ्यातला साज तिनं जवळनं, डोळे बारीक करून बघितला. "ह्योच व्हय? ह्याच्यापायी आमच्यात महिनाभर भांडणं चालल्यात. नात जेवत न्हाई, सून बोलत न्हाई. मी परवा सुनंला विचारलं, काय गं, रांडव्या बाईचा हात लागला म्हणून टाकून आलीस? मग रोज सकाळी चूल कुणाच्या हातनं पेटतीया? माझ्या. लेकरं कुणी वाढवली? मी. ते चालतंय. तवा कुठं गेल्ता तुमचा इटाळ?"

स्वप्नालीनं खुर्ची आणली. अंबूबाई खाली, ऐरणीशेजारीच बसली.

"नातीचा साज न्यायला आलासा?" निशिगंधानं विचारलं. तिचा हात आपोआप गळ्याकडं गेला होता. "ह्यो देणार न्हाई, आज्जी. तिला पायजे तर दुसरा करून देतो. ह्यो आता माझा हाय."

अंबूबाई हसली. पुढचे दोन दात नव्हते. "दिऊ बी नकोस. नातीचं नात बघंल, तिला तोंड हाय. मी माझ्यासाठी आलोय. मला कर एक."

विजयसिंहाला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "तुमाला, आज्जी?"

"मग काय रिक्षावाल्याला?" अंबूबाई म्हणाली. "लग्नाआधी पायजे. मांडवात पयल्या रांगंत बसणार हाय घालून. बघू कोण उठीवतंय." तिनं लुगड्याचा पदर मानेवरनं बाजूला केला. "घे, माप घे गळ्याचं."

निशिगंधानं दोरा घेतला. म्हातारीच्या मानेची कातडी सैल, उन्हानं करपलेली, आणि मऊ होती. अंबूबाई मान ताठ करून बसली होती, डोळे मिटून.

"पानं कुठली घालू?" निशिगंधानं विचारलं. "खोपा, घाटा, कणीस..."

"तुला पायजेत ती घाल. मधलं तेवढं मी सांगणार." अंबूबाईनं डोळे उघडले. "तंबाकूचं पान घाल."

"तंबाखू साजात नसतीया, आज्जी," विजयसिंह म्हणाला.

"नसतीया म्हणून तर घाल म्हणतोय. मालक गेलं तवा माझा ल्योक अंगावर पीत हुता. दिरांनी वाटणी दिली न्हाई. निपाणीच्या वखारीत गेलो तंबाकू चाळायला. खोकून खोकून रगत पडायचं बायांचं. त्यावर पोरगं वाढवलं, रान सोडवून घेतलं, बागाईत केली. त्याच बागाईतीच्या जिवावर लगीन निघालंय. साजात कमळ कशाला? मी कमळ कदी हातात धरलं न्हाई."

केरबा खाटेवरनं उठून जवळ आला होता. "पानाच्या शिरा लांब लागत्यात," तो निशिगंधाला म्हणाला. "मधली खोल काढ, बाजूच्या उथळ."

विजयसिंह दारात उभा होता. त्यानं बाहेर गल्लीत बघितलं. समोरच्या ओसऱ्यांवर बाया जमल्या होत्या, पण आता कुणी हसत नव्हतं. तो परत वळला. कुणाकडंही न बघता त्यानं विचारलं, "पत्रा किती लागंल, वैनी?"

"सांगतो," निशिगंधा म्हणाली. ती अंबूबाईसमोर गुडघ्यांवर बसली होती. "आज्जी, पान कसलं कोरू? हिरवं का वाळल्यालं?"

"वाळल्यालं," अंबूबाई म्हणाली. "कडा मुडपल्यालं. हिरवं पान रानाच्या मालकाचं असतंय. आमच्या हातात आलं ते वाळल्यालंच."

निशिगंधानं पोलादाचा नवा ठोकळा ऐरणीवर घेतला.